बरोबर म्हटल्याशिवाय हलायचं नाही

आमच्या गावात अणुवीज केंद्र आहे असं सांगितलं, की परगावचा माणूस आधी माझ्या कानांकडे बघतो, मग हळूच टकलाकडे. मी म्हणतो, "दिवसा नाही हो चमकत मी. अंधार पडू द्या." यावर जो घाबरतो त्याला पुढचंही सांगतो. केंद्रातून नदीत कोमट पाणी सुटतं, त्यात लोळून लोळून आमचे मासे इतके आळशी झालेत, की गळाला लागले तरी वर येत नाहीत. गळ टाकणाऱ्यालाच म्हणतात, तूच ये खाली. यातलं किती घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पाणी कोमट असतं, एवढं मात्र मी कुठेही शपथेवर सांगेन.

आजची गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आणि मेहुण्याची आहे. तिच्यात मी थापा कमी घातल्यात. गोष्ट मूळचीच इतकी वाकडी, की माझ्यासाठी जागाच उरली नाही.

बहिणीला सगळं गाव ठिणगी म्हणतं. चौकात तिची बेकरी आहे. पहाटेपासून पिठात हात, आणि जिभेला धार अशी की पाव कापायला सुरी लागू नये. मेहुण्याला म्हणतात दुबार. तो केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पाळीप्रमुख. तिथला एक नियम आहे. एकाने सांगायचं, "तीन नंबरची झडप बंद कर." दुसऱ्याने लगेच हात लावायचा नाही. आधी म्हणायचं, "तीन नंबरची झडप बंद करतो." मग पहिल्याने म्हणायचं, "बरोबर." तेव्हा कुठे हात हलवायचा. ऐकताना चूक झाली असेल तर ती तोंडातच सापडावी, झडपेपर्यंत जाऊ नये, असा त्यातला हिशेब. नियम उत्तमच. पण माझ्या मेहुण्याने तो डबा घरी आणावा तसा घरी आणला.

लग्नाच्या कचेरीत मी साक्षीदार होतो. अधिकाऱ्याने विचारलं, "ही वधू तुम्हाला मान्य आहे का?"

हा म्हणाला, "ही वधू मला मान्य आहे का, असं तुम्ही विचारताय."

आणि थांबला. अधिकारीही थांबला. नवरामुलगा डळमळतोय असं वाटून त्याने पेनाला टोपण लावायला घेतलं. शेवटी ठिणगी ओरडली, "अहो, तेच विचारतायत! सांगा की!" तेव्हा हा म्हणाला, "मान्य."

तिने 'बरोबर' हा शब्द त्या दिवशी उच्चारला नाही आणि पुढेही कितीतरी वर्षं उच्चारला नाही. "पिठाचं पोतं उतरवा," ती म्हणायची. "पोतं उतरवतो," म्हणून हा उभा. "मग उतरवा की!" ती खेकसायची. त्या 'की'लाच तो बरोबर समजायचा, आणि अशा 'की'वर त्याने सुखाने संसार केला.

बाकी गावाने मात्र त्याचा नियम डोक्यावर घेतला. सुटीच्या दिवशी हा इस्पितळात जाऊन नर्सबाईंना शिकवायचा, शाळेत पोरांना शिकवायचा. इस्पितळात चुकीच्या रोग्याला चुकीचं औषध जाणं बंद झालं, हे खरं आहे, कुणालाही विचारा. न्हावीसुद्धा शिकला. "बाजूने बारीक, वर तसेच," असं म्हणून तो कात्री वर धरून थांबायचा. एकदा गिऱ्हाईक 'बरोबर' न म्हणताच खुर्चीत झोपलं, तर तो कात्री धरून दुपारपर्यंत उभा होता म्हणतात. आणि बाहेरगावच्या एका चोराने आमच्या पोस्टमनला सुरी दाखवली, "घड्याळ काढ!" पोस्टमन म्हणाला, "घड्याळ काढतो," आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. चोराला घाम फुटला. सुरी टाकून पळाला तो.

तर अशा या जोडप्यात एकच भांडण होतं, पण ते अणुभट्टीएवढं मोठं होतं.

ठिणगीला केंद्र नको होतं. महिन्याच्या सुरुवातीला केंद्राच्या धोक्याच्या भोंग्याची चाचणी झाली, की तो थांबेपर्यंत ती कणकेतून हात काढायची नाही. खमिराच्या डब्याशेजारी, केंद्रातून गळती झालीच तर घ्यायच्या, आयोडीनच्या गोळ्यांचा डबा ठेवावा लागतो, याचा तिला राग होता. रात्रीच्या जेवणाला मी बहुतेक त्यांच्याकडेच असायचो. मला घर आहे, पण माझ्या घरात पाव नसतो.

"माझा कालचा शिळा पाव उरला तर त्याचं काय करायचं ते मी आज ठरवते," ती म्हणायची. "तुमचं जळून उरलेलं इंधन तिथे मागे लोखंडी पिंपांत बसलंय. त्याचं काय करायचं ते कोण ठरवणार? जे अजून जन्मलेच नाहीत ते?"

"पिंपं मजबूत आहेत गं. आणि सगळं मिळून एका आवारात मावतं. कोळशाची राख तर अख्ख्या गावावर पडायची."

"पिंपांची मला भीती नाही. यंत्राचीही नाही. मला माणसांची भीती वाटते. तीही मूर्ख नव्हे, हुशार माणसांची. मूर्खाची चूक दिसते तरी."

मग दुबार त्याचं ठेवणीतलं काढायचा. "बाबा आठवतात तुला?"

बाबा म्हणजे आमचे वडील. आता केंद्र आहे तिथेच पूर्वी कोळशावरचं वीजघर होतं, आणि ते तिथे कोळसा ओढायचे. तेव्हा दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी पांढरं म्हणून ओळखू यायचं नाही. बाबा फार हसरे होते. पण त्यांचं कुठलंही हसणं शेवटी खोकल्यातच संपायचं. पुढे पुढे आम्ही त्यांना विनोद सांगणंच बंद केलं. मी थापाड्या झालो तो तेव्हापासून. ज्यावर हसू येत नाही, नुसते डोळे विस्फारतात, असं काहीतरी सांगायला हवं होतं ना त्यांना.

बाबांचं नाव निघालं की ठिणगी उठून भांडी जोरात घासायची. तेवढ्यावर त्या दिवसाचं भांडण मिटायचं.

दुबार निवृत्त व्हायला आला. त्याने तिला शब्द दिला होता, निवृत्त झालो की डोंगरावरच्या वाडीत राहायला जाऊ, जिथे भोंगा ऐकू येत नाही. तिने तिथे घर बघूनही ठेवलं. अंगण, पाण्याची टाकी, पडवीत पाव भाजायला भट्टी. आणि नेमक्या त्याच्या शेवटच्या आठवड्यात केंद्राच्या प्रमुख बाई घरी आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. नवी अणुभट्टी सुरू व्हायची होती, नवी मुलं यायची होती. "तुम्ही राहा," त्या म्हणाल्या. "पाळीवरच राहा, म्हणजे मुलं तुमच्या हाताखाली तयार होतील."

दुबारने 'नाही' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "विचार करतो."

मोठ्या बाई गेल्या. ठिणगी उठली. तिने फळीवरचे पावाचे साचे उतरवले आणि खोक्यात भरायला लागली.

"अगं, निदान ऐकून तरी घे."

"शनिवारी ट्रक येतोय," ती म्हणाली. "मी बसणार. तुम्ही बसा नाहीतर बसू नका."

"एकटी जाणार?"

"इतकी वर्षं भोंगा वाजला की मी एकटीच असते. तुम्ही आत असता. तिकडे निदान भोंगा तरी नसेल."

मेहुण्याचा चेहरा असा झाला, की मला ताटातला पाव गोड लागेना. तरी मी तो संपवला.

मग दोघांनी मिळून मला पंच नेमलं. शुक्रवारी जेवताना मी निकाल द्यायचा आणि तो दोघांनी मानायचा. खोटारड्याला पंच का केलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. ठिणगी म्हणाली, "दादा, खरं बोलणारा माणूस कुणातरी एकाच्या बाजूचा असतो. तू कुणाच्याच बाजूचा नाहीस."

"चुकतेस," मी म्हणालो. "मी पावाच्या बाजूचा आहे."

तीन दिवस मी डोकं खाजवलं. गावात चार दिवे कमी लागले तर काय, असं म्हणावं, तर इस्पितळातली काचेची पेटी डोळ्यांपुढे यायची, जिच्यात अपुऱ्या दिवसांचं मूल उबेला ठेवतात. वारा पडला, पवनचक्की थांबली, म्हणून तिला बंद राहा म्हणता येत नाही. बरं, केंद्राचं खरं मानावं, तर बहिणीचे पिठाचे हात दिसायचे, भोंग्याच्या वेळी कणकेत घट्ट रुतलेले. पारडं इकडे झुकलं की मी तिकडे एक पाव टाकायचो, आणि मग भूक लागून तोच खायचो.

आणि गुरुवारी सकाळी सराव आला.

वर्षातून एकदा आमचं गाव रिकामं करायचा सराव होतो. भोंगा वाजतो, लोक घरं बंद करतात, चौकातल्या बसमध्ये बसतात, बस डोंगरावर नेऊन सोडतात, दुपारी परत आणतात. पाळीवरची माणसं तेवढी केंद्रातच राहतात. अणुभट्टीला एकटं टाकून जाता येत नाही. दरवर्षी सगळं सुरळीत व्हायचं. पण यंदा नवीन सोय होती. खांबाखांबावर कर्णे बसवले होते, आणि भोंग्यानंतर त्यांतून सूचना येणार होती. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, विश्वासाचा हवा, म्हणून मोठ्या बाईंनी तो दुबारचा आधीच रेकॉर्ड करून घेतला होता.

मी बेकरीत होतो, ताज्या पावावर लक्ष ठेवून. भोंगा वाजून थांबला. कर्ण्यातून माझा मेहुणा बोलला, "हा सराव आहे. घरं बंद करा आणि चौकातल्या बसकडे चला."

रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि सगळ्या गावाने एका सुरात म्हटलं, "घरं बंद करतो आणि चौकातल्या बसकडे चालतो."

आणि सगळं गाव उभं राहिलं.

कुणी पिशवी खांद्याला लावून, कुणी मूल काखेत घेऊन. न्हाव्याच्या दारात एक गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला साबण. सगळ्यांचे डोळे कर्ण्याकडे. दुबार बोललाय, आपण उलट सांगितलंय, आता तो 'बरोबर' म्हणेल. कर्ण्याला कान नसतात. थोड्या वेळाने तो पुन्हा तेच म्हणाला. गावाने पुन्हा तेच सांगितलं, मघापेक्षा मोठ्याने. त्याला ऐकू गेलं नसेल, असं वाटलं त्यांना. चौकात बस रिकाम्या उभ्या, आणि ड्रायव्हर एकमेकांना विचारतायत, आज सुटी आहे का?

ठिणगी हसायला लागली. आधी तोंडावर फडकं धरून, मग पीठ ठेवतात त्या फळीवर डोकं टेकून. "दादा, बघ रे! बघ तुझ्या मेहुण्याचे शिष्य!" मीही हसलो. बाबांच्या नंतर आम्ही दोघं इतके एकत्र हसलो नसू.

मग समोरची शिवणवाली म्हातारी तिला दिसली. वरच्या मजल्यावर, खिडकीत. एका हातात मांजराची टोपली, दुसऱ्या हातात कुलूप. शेजारी खुर्ची होती, पण बसत नव्हती. शहाण्या मुलीसारखी कर्ण्याकडे बघत उभी.

ठिणगीचं हसणं गेलं.

"दादा," ती म्हणाली, "हे खरं असतं तर?"

तिने भट्टीचा खटका बंद केला आणि पिठाच्या हातांनी तशीच रस्त्यावर गेली. कमरेवर हात ठेवून तिने वर बघितलं आणि जन्मात न उच्चारलेला शब्द काढला.

"बरोबर! ऐकलंत? बरोबर आहे! निघा आता! आजी, मांजर माझ्याकडे द्या, तुम्ही जिना उतरा!"

गल्ली सुटली. ती पुढच्या गल्लीत. "बरोबर! चला!" मग त्याच्या पुढच्या. शाळेच्या फाटकाशी पोरं रांगेत उभी होती. तिने 'बरोबर' म्हणताच अशी सुटली, की मास्तर मागे राहिले. तिचा आवाज बसला, तरी ती हातवारे करत फिरत होती. शेवटच्या बसमध्ये आम्ही चढलो, तेव्हा तिच्या मांडीवर मांजराची टोपली होती आणि मांजर पिठाने पांढरं झालं होतं. त्या आधी ते काळं होतं, असं म्हातारी अजून सांगते.

बस डोंगरावरच्या वाडीत थांबल्या, आणि सगळं गाव ठिणगीने बघून ठेवलेल्या घराच्या अंगणात उतरलं. दुसरीकडे कुठे सावलीच नव्हती. मग काय, लोकांनी घर तपासून घेतलं.

"पडवी चांगली आहे, पण न्हाणीघर लांब पडतं हो," न्हावी म्हणाला.

"भट्टीचा धूर कुठे जाणार?" अर्ध्या साबणाचं गिऱ्हाईक म्हणालं.

ठिणगी कुणाला उत्तर देत नव्हती. ती कुंपणाशी उभी होती. तिथून खाली सगळं दिसायचं: नदी, रिकामं गाव, आणि केंद्राचा गोल घुमट.

"भोंगा ऐकू येत नाही ना इथे?" मी विचारलं.

"नाही रे. तेच तर." ती घुमटाकडेच बघत होती. "मला वाटलं होतं, ऐकू आलं नाही की भीती संपेल. इथे येऊन बसले आणि ते तिकडे आत असले, तर मला कळायचंसुद्धा नाही. सगळं गाव आलं दादा. एकटे तेच नाही आले."

पाळी बदलल्यावर दुबार मोपेडवरून वर आला. डोंगर चढताना मोपेडने त्याला आणलं की त्याने मोपेडला, हे सांगता येणार नाही. दोघंही धापा टाकत होते. तो सरळ कुंपणाशी आला. अंगणातलं गाव गप्प झालं आणि आपण ऐकत नाही असं दाखवायला झाडांकडे बघू लागलं.

"लोक खिडकीत उभे राहिले म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"माझा आवाज ऐकून."

"हो."

तो जरा वेळ टोपीशी खेळला. मग म्हणाला, "तू म्हणायचीस, हुशार माणसांची भीती वाटते. त्यांची चूक दिसत नाही. कारण ती चुकीसारखी नसतेच, चांगल्या सवयीसारखी असते. सगळे मान डोलावतात आणि उभे राहतात. इतकी वर्षं तू सांगत होतीस, आणि मी तुला पिंपांची जाडी सांगत होतो."

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला आवडलं नाही. तिने पिठाच्या हाताने पुसलं, आणि चिखल केला.

"आणि तुम्ही म्हणायचा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भीती वाटते म्हणून पुढचं दार लावलं, तर मागच्या दाराने कोळसा येतो. वीज तर सगळ्यांनाच हवी. माझ्या भट्टीलाही हवी. मग ती कुणाच्या तरी छातीतून येते. बाबांच्या आली तशी. मला ठाऊक होतं ते. म्हणून तर भांडी घासायचे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"काय बघताय?" ती म्हणाली. "तुमचंही खरं, माझंही खरं. आता पुढे काय?"

"मोठ्या बाईंना नाही म्हणून सांगतो. शनिवारी ट्रकमध्ये बसतो."

"वा! आणि त्या नव्या पोरांना कोण शिकवणार? नवी भट्टी काय तुमच्यावाचून थांबणार आहे? कुणीतरी अर्धवट शिकवेल, आणि मी इथे रात्रभर त्या घुमटाकडे बघत बसेन."

"मग पाळीवर राहू?"

"पाळीवर नाही!" ती ओरडली, तशी झाडांकडे बघणारे सगळे दचकले. "आत बसून पुष्कळ झालं. अहो, शिकवायला काय लागतं? फळा लागतो आणि खडू लागतो. अणुभट्टी कशाला लागते? झडपा दाखवायला तिथे दुसरे आहेत. आठवड्यातून दोन दिवस पोरांना इथे पाठवू दे त्यांना. ही पडवी आहे. तुम्ही चूक कशी करायची नाही ते शिकवा. आणि शहाण्यांकडून ती कशी होते ते मी सांगेन. आजचंच सांगेन पहिल्यांदा."

"तू शिकवणार?"

"का? मला काय लाज वाटते?"

मेहुणा हसला. त्याच्या हसण्याला शेवटी खोकला नव्हता, हे मी मुद्दाम ऐकलं.

परतताना बसमध्ये ठिणगी माझ्याशेजारी बसली. "दादा, तू उद्या काय निकाल देणार होतास?"

"तुझ्या बाजूने," मी म्हणालो.

संध्याकाळी दुबारने गाठून तेच विचारलं. मी म्हणालो, "अहो मेहुणे, हे काय विचारणं झालं? तुमच्या बाजूने." दोघांनाही ते खोटं असल्याचं कळलं, आणि दोघंही खूश झाले.

शनिवारी ट्रक गेला. पुढे ड्रायव्हरशेजारी ती बसली, आणि मागे पोत्यांवर तो, म्हणजे साचे पडू नयेत. माझं म्हणाल तर पावासाठी आता डोंगर चढावा लागतो. न्याय करायला गेलो आणि स्वतःच्याच गुडघ्यांना शिक्षा करून बसलो.

मोठ्या बाईंनी पडवीतली शाळा मान्य केली, पण बदल्यात एक मागणी घातली. कर्ण्यातला आवाज बदलायचा होता. ठिणगीने बरेच आढेवेढे घेतले. केंद्राने लिहून दिलेली वाक्यं वाचायला साफ नकार दिला. शेवटी स्वतःच्या शब्दांत बोलली. त्यामुळे भोंगा ऐकू येत नाही तिथे राहायला गेलेल्या बाईचा आवाज आता सरावाच्या दिवशी अख्ख्या गावात घुमतो: "हा सराव आहे. जे असेल ते खाली ठेवा आणि निघा. उलट बोलायचं नाही. न्हाव्या, तुला सांगतेय!"

तिच्यापुढे उलट बोलायची गावात कुणाची छाती नाही. सगळं गाव खालमानेने बसकडे चालू लागतं.

त्या दिवशी मेहुणा मुद्दाम मोपेड घेऊन खाली येतो. बायको वर घरात असते, पण तिला कर्ण्यातून ऐकायचं असतं म्हणे. बेकरीच्या बंद दारासमोर टोपी हातात घेऊन तो उभा राहतो. तिचं सगळं ऐकून होईपर्यंत हलत नाही. मग इतकी वर्षं सरावाच्या वेळी आतच राहिलेला हा माणूस बसच्या पायऱ्या चढतो आणि सगळ्यांत पुढच्या सीटवर, खिडकीशी बसतो.